अनेक प्रिंटर, अनेक रांगा

मित्रहो, युनिक्सवर एखादा प्रिंटर जोडणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरा कस लागतो तो मजल्यामजल्यावर वेगवेगळ्या मॉडेलचे दहा-पंधरा नेटवर्क प्रिंटर असतात आणि सगळं ऑफिस त्यांवर अवलंबून असतं तेव्हा. अशा ठिकाणी अ‍ॅडमिनने यंत्राच्याही आधी छापायच्या फाइली जिथे थांबतात त्या रांगेचा, म्हणजे क्यूचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

थोडी मागची गोष्ट सांगतो. बीएसडी या युनिक्सच्या एका शाखेत प्रत्येक रांग प्रिंटकॅप नावाच्या फाइलीत हाताने लिहावी लागे आणि छपाईला एलपीआर ही कमांड वापरत. सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या शाखेत एलपी ही कमांड आणि त्याचा सगळा निराळा संसार. १९९९ मध्ये कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, त्याने दोन्हीकडच्या कमांड चालू ठेवल्या आणि त्यांच्या खाली ६३१ पोर्टवरचा आयपीपी, म्हणजे नेटवर्कवरून छपाई करण्याचा प्रोटोकॉल घातला. २००२ मध्ये मॅकमध्येही तेच आलं. म्हणून आज मी कप्सबद्दलच बोलणार आहे.

कप्समध्ये रांगेला दोन स्वतंत्र दारं असतात. पुढच्या दाराने जॉब, म्हणजे छपाईची कामं, आत येतात, मागच्या दाराने ते प्रिंटरकडे जातात. कप्सरिजेक्ट पुढचं दार लावतं, कप्सडिसेबल मागचं. इतका साधा फरक, पण तो पक्का नसला की घोळ होतो. समजा, एक जॉब छापताना बॅकएंड, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा कप्सचा भाग, अपयशी ठरला. रांगेची एरर पॉलिसी, म्हणजे अशा वेळी काय करायचं ते ठरवणारी सेटिंग, ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल, तर त्या एका जॉबपायी मागचं दार बंद होतं. पुढचं मात्र उघडंच! माणसं प्रिंट पाठवतात, कागद येत नाही, म्हणून पुन्हा पाठवतात. मग तुम्ही येऊन कप्सएनेबलने मागचं दार उघडता आणि एकाच पत्राच्या पाच-पाच प्रती बाहेर पडायला लागतात. तेव्हा रांग उघडण्याआधी एलपीस्टॅटने आत काय साचलंय ते बघा, नको ते कॅन्सल करा आणि मगच दार उघडा. गर्दीच्या प्रिंटरवर मी पॉलिसी ‘अबॉर्ट-जॉब’ ठेवतो. जो जॉब फसला, तेवढाच जातो; बाकीच्यांचं काम अडत नाही. ही सेटिंग एलपीअ‍ॅडमिन या कमांडने प्रत्येक रांगेला वेगळी देता येते.

प्रिंटर दुरुस्तीला जाणार असेल तर दोन्ही दारं लावा, आणि कप्सडिसेबल करताना कारण जरूर लिहा. ते कारण एलपीस्टॅटमध्ये दिसतं, त्यामुळे तुमच्या जागी दुसरा कुणी बसला तरी त्याला शोधाशोध करावी लागत नाही. आत अडकलेले जॉब एलपीमूव्हने शेजारच्या रांगेत हलवा. दोन प्रिंटर वेगळ्या मॉडेलचे असले तरी हे बहुतेक वेळा जमतं, कारण कप्स मूळ फाइल स्पूलमध्ये, म्हणजे जॉब साठवायच्या जागेत, ठेवतं आणि प्रिंटरच्या भाषेत तिचं रूपांतर छपाईच्या वेळी करतं. अपवाद रॉ रांगांचा, म्हणजे जिथे कप्स स्वतः रूपांतर करत नाही अशा रांगांचा. तिथे रूपांतर आधीच पाठवणाऱ्याच्या मशीनवर झालेलं असतं. असा जॉब परक्या मॉडेलवर टाकलात तर पानंच्या पानं अगम्य अक्षरं छापून येतील. म्हणून शक्य तिथे रॉ रांगा टाळा.

क्लासबद्दल, म्हणजे प्रिंटरच्या गटाबद्दलही सांगायला हवं. तीन प्रिंटर एका क्लासमध्ये घातले की जो मोकळा असेल त्यावर जॉब जातो. सोय उत्तम आहे, पण ते तिन्ही प्रिंटर एकमेकांशेजारी असले तरच. एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक चौथ्यावर असेल, तर बिचारा माणूस आपला कागद शोधत जिने चढत-उतरत राहील. रांगेचं नावही याच दृष्टीने द्या: जागेवरून. मॉडेलवरून नाव दिलंत आणि यंत्र बदललं, की प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर हात फिरवत बसावं लागतं. जागेचं नाव असेल तर मागचं यंत्र बदलतं, माणसांना पत्ताही लागत नाही.

कागदाचा आकार ही किरकोळ वाटणारी, पण सर्वांत छळणारी बाब. ट्रेमध्ये ए४ आहे आणि जॉब लेटर या अमेरिकी आकाराचा आला, तर बरेच प्रिंटर ‘लेटर कागद घाला’ असं पडद्यावर दाखवून थांबून राहतात. सर्व्हरवरून पाहावं तर रांग चालू, प्रिंटरही चालू, आणि मागे जॉबांची ही थप्पी! एलपीअ‍ॅडमिनने प्रत्येक रांगेचा डिफॉल्ट आकार सर्व्हरवरच ए४ करून टाका. ज्या फाइली स्वतःच लेटर मागतात त्या तरीही अधूनमधून अडतील, पण रोजची कटकट थांबेल.

आणि प्रिंटर्स-डॉट-कॉन्फ ही रांगांची नोंद असलेली फाइल कप्स चालू असताना एडिटरमध्ये उघडून बदलू नका. कप्स ती स्वतः पुन्हा लिहितं आणि तुमचे बदल पुसले जातात.