राज्य कुणावर?

श्रोतेहो, नमस्कार.

बाजारात बसलेल्या पोरांच्या खेळाकडे येशूचं लक्ष होतं. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ती पोरं कुरकुरतात : आम्ही पावा वाजवला, तुम्ही नाचला नाहीत, आम्ही विलाप केला, तुम्ही ऊर बडवला नाहीत. प्रभूनं ती कुरकुर उचलली आणि थेट उपदेशात घातली. लूकच्या पंधराव्यात एक बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते. शास्त्र घरात सापडतं, श्रोतेहो. घरात आणि अंगणात.

आता माझ्या आवडीची गोष्ट. वेंगुर्ल्याकडचं आमचं आजोळ, मे महिना, मुंबईची भावंडं आलेली. खळ्यात डबा ऐसपैस रंगलेला. धाकटा मावसभाऊ तोवर कच्चं लिंबू. धावायचा, लपायचा, सापडायचा, पण त्याचं आउट होणं कुणी धरायचं नाही. त्या वर्षी मुंबईच्या दादानं जाहीर केलं, आता हा पहिलीत जाणार, कच्चं लिंबू बंद! आणि पहिल्याच डावात पोरावर राज्य आलं.

दादानं डबा असा भिरकावला की तो गडग्यापलीकडे काजींत जाऊन पडला. तो आणेपर्यंत सगळे गुडूप. कुणी न्हाणीघरात, कुणी गवताच्या उडवीमागे, मी रचलेल्या चुडतांच्या आड. पोराला एक जण दिसायचा, तोवर दुसरा मागून येऊन डबा उडवायचा. पुन्हा आणायचा, पुन्हा उडायचा. दिवेलागणीला पोर रडायला लागलं. रडत होतं, पण डबा आणत होतं. राज्य टाकून पळायचं नसतं, हे त्यालाही कळत होतं.

तेव्हा त्याची ताई उडवीमागून बाहेर आली. ती सापडली नव्हती. नीट ऐका, ती सापडली नव्हती. डब्यावर पाय ठेवून म्हणाली, "ह्येचा राज्य माझ्यार. तू जा, लप." दादा ओरडला, असं चालत नाही, नियम आहे! ती म्हणाली, "राज्य कोणी तरी घेवकच व्हया ना? मग मी घेतंय."

आजोबा पडवीतून सगळं बघत होते. रात्री उपासनेला त्यांनी यशया त्रेपन्न उघडला. "आम्हा सर्वांचे पाप परमेश्वराने त्याच्यावर लादले." प्रवचन केलं नाही. धाकट्याला एवढंच विचारलं, "लपायला गेलास तेव्हा कसं वाटलं रे?" तो म्हणाला, "बरं वाटलं. पण ताई एकटीच उभी होती."

मग पेटी निघाली आणि टिळकांचं भजन झालं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १८६१ साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावात जन्मले. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी मराठी भजन रुजवलं. आणि आज नाताळात आपल्या दारात भाड्याचे कर्णे काय वाजवतात? मला याचं मनापासून दुःख होतं. ज्या घरात पेटी आहे, त्या घरानं निदान नाताळच्या रात्री तरी ती काढावी.

तर मूळ मुद्दा. कच्च्या लिंबाला आपण सोडून देतो, तेव्हा राज्य कुणावरच येत नाही. त्या संध्याकाळी तसं झालं नाही. राज्य राहिलं, नियमही राहिला, फक्त न सापडलेल्या ताईनं ते स्वतःवर घेतलं. पुन्हा सांगतो, राज्य माफ झालं नाही, ते दुसऱ्यानं घेतलं. क्रूसावर हेच घडलं. मोठमोठी प्रवचनं ऐकून जे मला उमगलं नव्हतं, ते त्या खळ्यात उमगलं.

आज जेवणं उरकली की टीव्ही जरा बंद ठेवा. पोरांना विचारा, आज खेळात राज्य कुणावर होतं, किती वेळ होतं, आणि कुणी सोडवलं का. त्यांना पुरतं बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग यशया त्रेपन्न काढा, सहावं वचन, आणि ते त्यांच्यापैकीच एकाला वाचायला द्या.