मणका ‘बसवून’ घेण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

वाकून बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली, की कुणीतरी हमखास सांगतं, ‘मणका सरकलाय, बसवून घे.’ आज बोलायचं आहे ते हाताने सांध्यांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरविषयी. पण आधी हे स्पष्ट करायला हवं, की उसण भरली म्हणून मणका जागचा हलत नाही. काहींच्या कण्यात एक मणका दुसऱ्यावरून खरंच पुढे सरकलेला असतो, पण तो दाबून जागेवर जात नाही. तसा दावा कुणी केला, तर तिथेच सावध व्हा.

मग होतं काय? कण्याचे हलणारे मणके 24: मानेत 7, पाठीत 12, कंबरेत 5. त्यांना जोडणारे छोटे सांधे आखडतात, भोवतीचे स्नायू आवळून धरतात आणि वळणं नकोसं होतं. कायरोप्रॅक्टर कंबरेसाठी तुम्हाला कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडलेला. एक हात तुमच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा कंबरेशी. सांधा जिथवर सहज वळतो तिथवर हळूहळू नेतात आणि तिथून एक झटका देतात, जलद पण अगदी कमी अंतराचा. तेव्हा कट्‌ असा आवाज येतो. तो हाडाचा नव्हे. सांध्यातले पृष्ठभाग एकदम दूर होतात, आतल्या द्रवावरचा दाब घटतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. तोच सांधा पुढची साधारण 20 मिनिटं पुन्हा वाजत नाही. आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला, असं मुळीच नाही.

या पद्धतीची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डी. डी. पामर यांनी केली. जवळपास सगळे आजार मणक्यांमुळेच होतात, असं ते मानत. ते टिकलं नाही. आज आधार आहे तो मुख्यतः कंबरदुखीला, आणि तिथेही फायदा माफक. दमा किंवा तान्ह्या बाळाचं पोट दुखणं यासाठी तिकडे जाऊ नका.

माणूस निवडताना शिक्षण विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान 4200 तास सांगितले, त्यातले 1000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. आठवडाभराच्या शिबिरातून कुणी कायरोप्रॅक्टर होत नाही. तुमच्या देशात या व्यवसायाची नोंदणी होत असेल, तर नाव त्या यादीत पाहा.

पहिल्या भेटीत हात लागण्याआधी प्रश्न यायला हवेत. दुखणं कधीपासून, पायात उतरतं का, मुंग्या येतात का, पडलात का, पूर्वी कर्करोग होता का, हाडं ठिसूळ आहेत का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. मग उताणं झोपवून सरळ पाय वर उचलून पाहणं, गुडघ्यावर हातोडी, पायाच्या अंगठ्याची ताकद. हे न करता कुणी थेट झटका देऊ लागलं, तर उठून या. साध्या कंबरदुखीत पहिल्याच दिवशी एक्स-रेची गरज नसते.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर कायरोप्रॅक्टर नव्हे, त्याच क्षणी रुग्णालय. मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण असू शकते, आणि इथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. ताप किंवा वजन घटण्याबरोबरचं कंबरदुखणं असेल, तरी आधी डॉक्टर.

मानेबद्दल जास्त जपा. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. विरळा, पण गंभीर. ‘झटका नको, हळू हालचालीने करा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत तशीही उतरते. म्हणून वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ भरू नका. चार-सहा भेटींत वाकणं, चालणं, झोपणं सुधारलं का ते पाहा, आणि नसेल तर थांबा. मात्र मानेच्या उपचारानंतर कधी नव्हे अशी डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोबडी वळणं सुरू झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा आणि मानेवर झटका दिला होता हे तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.