चिंगीचं अंगण

(दृश्य: लातूर. घरामागचं अंगण, कोवळं ऊन. टिकावाचा आवाज.)

सकाळचे साडेसहा. मिस्त्री अंगण खोदतायत आणि चिंगी प्रत्येक घावाला भुंकतेय. साहजिकच आहे, या अंगणात उकरायचं काम आजवर तिच्याकडेच होतं.

चिंगी गावठी कुत्री. रंग तांबूस, एक कान कायम पडलेला. ती आली तेव्हा इथे खरी हिरवळ होती. वर्षभरात हिरवळीवर ताटाएवढे पिवळे चट्टे पडले. गंमत म्हणजे चट्टा मधे करपलेला आणि त्याची कड मात्र बाकीच्या गवतापेक्षा हिरवीगार. कुत्र्याच्या लघवीत नत्र भरपूर असतं. मधे ते जास्त होतं आणि मुळं जाळतं, कडेला बेताचं पोचतं आणि खतासारखं लागू पडतं. युरियाची मूठ जड पडली की काय होतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

चट्टे धुऊन काढायचे तर पाणी हवं. आणि हे लातूर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी या शहराने प्यायलंय. ज्यांनी तेव्हा घागरी मोजल्या, त्यांचा हात हिरवळीवर नळी सोडताना आजही आखडतो. चिंगीच्या घरच्या काकूंचाही आखडला. गवत वाळलं, उरली धूळ, आणि पावसाळ्यात चिखल. चिंगी तोच चिखल घेऊन थेट दिवाणावर.

म्हणून आज नकली गवत.

(दृश्य: गुंडाळी उलगडते. पाठीमागची काळी बाजू, तिच्यातली भोकं.)

या गवताला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळालं ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे. छप्पर असलेलं बेसबॉलचं मैदान. छपरातून येणाऱ्या उजेडात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून पारदर्शक छप्पर रंगवलं. ऊन तुटलं आणि खालचं खरं गवत मेलं. मग १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचं अंथरलं. त्यांचं गवत उन्हावाचून गेलं, आपलं उन्हाने जातं.

मिस्त्रींचा रोजचा धंदा बॉक्स क्रिकेटच्या टर्फचा. कुत्र्यासाठीचं हे त्यांचं तिसरं अंगण. गवताला त्यांनी अजून हातसुद्धा लावलेला नाही.

"काकू, वरचं गवत कुणीबी हातरतंय. खालचं नीट बसलं पाहिजे. न्हाईतर चार महिन्यात वास सुटतोय अन् बोल मला."

खाली आहे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट अंथरलेलं गवत पहिल्याच पावसाळ्यात खालीवर होणार आणि खोलगट जागी लघवी साचणार. म्हणून अर्धा फूट माती बाहेर. आधी मुरूम, त्यावर खडी, वर दगडाची बारीक कच. प्रत्येक थरावर थोडं पाणी आणि धुमसाने ठोकणं. पाण्याने भरलेला लेव्हल पाइप लावून उतार बघायचा: दहा फुटांना दीड-दोन इंच, तोंड गटाराकडे. या कामात दिवस गेला. पुढचं गवत अंथरणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरकलं.

तरी त्यातही खुब्या आहेत. दोन पट्ट्या जोडताना पाती एकाच दिशेने झुकलेली हवीत, नाहीतर सांधा लांबून डोळ्यात खुपतो. कापायचं पाठीकडून, म्हणजे पाती शाबूत राहतात. दुकानात पन्नास मिलिमीटर उंचीचं गवत हाताला फार मऊ लागतं. पण कुत्रं असलेल्या घरी ते घेऊ नये, शी त्यात रुतून बसते. पंचवीस ते पस्तीस पुरे.

(दृश्य: ओंजळीत फिकट, खरबरीत दाणे.)

पात्यांच्या बुडाशी हे पसरतात. झिओलाइट, एक सच्छिद्र खनिज. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, नाकाला झोंबतो तो हाच. झिओलाइट त्यातलं बरंचसं धरून ठेवतं. अजिंठ्याच्या डोंगराचा जो काळा पाषाण, त्या दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांत याच कुळातले स्फटिक सापडतात. इथे मात्र ते गोणीतून आलंय.

पाणी अजिबात लागत नाही, असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. धुवावं लागतंच. काकूंनी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवायला सुरुवात केलीय. संध्याकाळी लघवीच्या जागेवर बादलीभर, आठवड्यातून एकदा एन्झाइमचं क्लीनर. फिनाईल नाही, कारण चिंगी पंजे चाटते.

(दृश्य: दुपारचे दोन. अंगणात कुणी नाही.)

आता खरी परीक्षा. खरं गवत पाणी बाष्परूपाने सोडतं, म्हणून गार राहतं. प्लास्टिक नुसतं तापतं. भर उन्हात ते साठ अंशांच्या वर जाऊ शकतं. पाणी शिंपडलं तर निवतं, पण थोडाच वेळ. आम्ही तळहाताची उलटी बाजू टेकवून आकडे मोजले. सात सेकंद टिकला तर कुत्र्याचे पंजे टिकतील, असा ठोकताळा आहे. आमचा हात तीनला उचलला गेला.

हे काकूंनी आधीच ओळखलं होतं. खोदाईच्या दिवशी मिस्त्री कडुलिंबाखालीही आखणी करायला लागले, तेव्हा त्या पायरीवरूनच म्हणाल्या होत्या, "तिथलं राहू द्या, मिस्त्री. तेवढी माती तिची हाय."

मिस्त्री हसले होते. सगळीकडे एकसारखं हिरवं दिसलं असतं तर फोटो चांगला आला असता, असं त्यांचं म्हणणं.

(दृश्य: लिंबाची सावली. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

दोन वाजता हिरव्या अंगणात कुणीच नाही. लिंबाखाली, चार बाय सहा फुटांच्या उघड्या मातीत खड्डा आहे, आणि खड्ड्यात पोट टेकून चिंगी. संध्याकाळी ऊन कललं की ती नव्या गवतावर लोळते. आत्ता फक्त पडलेला कान हलतोय, माशीसाठी.