म्हातारपणीचे ताट आणि स्मरणशक्ती

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत माझी आत्या राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यानंतर एकटीसाठी स्वयंपाक करण्याची तिची उमेद हळूहळू संपली. दाढा पडल्यामुळे भाकरी चावत नव्हती. म्हणून सकाळी चहा-टोस्ट, दुपारी लोणच्याबरोबर चार घास भात आणि रात्री पुन्हा चहा, एवढ्यावर तिचा दिवस निभू लागला. वर्षभरात ती गॅस बंद करायला विसरू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, आणि आम्ही सगळे म्हणालो, ‘वय झाले, आता असेच चालायचे.’ ते आमचे चुकले. रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले आढळले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही महिन्यांत तिच्या बोलण्यातला तुटलेला धागा पुन्हा जुळला.

प्रत्येकाचा विसराळूपणा असा बरा होत नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. परंतु ब-१२ची उणीव, थायरॉइडचा बिघाड यांसारखी इलाज असलेली कारणे आधी तपासून न पाहता म्हाताऱ्या माणसाला ‘भ्रमिष्ट’ ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ब-१२ दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांतून मिळते. धान्य, कडधान्ये आणि भाजीपाल्यात ते जवळजवळ नसते. शिवाय उतारवयात जठरातले आम्ल कमी झाल्याने अन्नातले ब-१२ नीट शोषले जात नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या रोजच्या गोळ्या त्यात भर घालतात. एकदा मोठी उणीव झाली की केवळ दूध वाढवून ती भरून निघत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शनेच घ्यावी लागतात.

आहाराने स्मृतिभ्रंश टळतो का, असे पुष्कळजण विचारतात. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. सकस आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारा सराव आणि रक्तदाब-वजनावर देखरेख या चारही गोष्टी एकत्र केल्यावर विचारशक्तीला फायदा झाल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. उलट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ६०४ जणांच्या तीन वर्षांच्या चाचणीत पालेभाज्या, बेरी आणि सुकामेवा यांवर भर देणाऱ्या खास आहाराचा, नेहमीच्या पण थोड्या कमी उष्मांकाच्या आहारापेक्षा ठळक लाभ आढळला नाही. तेव्हा अमुक पावडरीने स्मरणशक्ती परत येते, असे सांगणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत.

बदाम-अक्रोड परवडत नाहीत म्हणून खंत करण्याचेही कारण नाही. मसुराची घट्ट आमटी करून तिच्यात जोंधळ्याची भाकरी कुस्करावी आणि दहा मिनिटे मुरू द्यावी. दात नसलेल्या माणसालाही ती सहज गिळता येते. जवसाची चटणी अगदी बारीक कुटून दह्यात कालवावी. मेथी, शेपू, तांबडा माठ मऊ शिजवावा. चालत असेल त्याला अंडे किंवा काटे काढलेला मासा द्यावा. मीठ मात्र सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ पुरे म्हणते, आणि आपल्या घरांत लोणचे, पापड आणि खारातली मिरची मिळून ते कधी ओलांडले जाते ते कळतही नाही. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. पाण्याचेही तसेच आहे. वयाबरोबर तहान मंदावते, आणि उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागते.

एकटेपणाने मरणाऱ्या भुकेवर यातली कोणतीही पाककृती चालत नाही. आत्याच्या शेजारची सून आता दुपारचे आपले ताट घेऊन तिच्या सोप्यात येऊन बसते. आमटी आत्या करते, भाकरी सून आणते, आणि जेवण उरकायला त्या दोघींना चांगला तासभर लागतो.