कवचाला दार करताना

मंडळी, नमस्कार.

आधी एका रात्रीची गोष्ट सांगतो. सप्टेंबर महिना, अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर आमचा मुक्काम. मालवणहून आलेली आई ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या आमच्या छोट्या फिरत्या घराच्या, मागच्या बाकावर झोपली होती. अकराच्या सुमारास पाऊस लागला, जमीन भुसभुशीत झाली आणि ट्रेलर एका अंगाला कलायला लागला. चाकाखाली ठोकळे सरकवायला हवे होते आणि ते होते आईच्या गादीखाली. तिला उठवलं, गादी गुंडाळली, बाकाची प्लायवूडची फळी उचलली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपत एकेक ठोकळा बाहेर काढला. सकाळी तेच चिखलाने माखलेले ठोकळे पुन्हा आईच्या अंथरुणाखाली ठेवताना मला फार वाईट वाटलं. बाकाखालच्या जागेला बाहेरून दार करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

पण दार करायचं कशाला, ते आधी समजून घ्यायला हवं. हे अंड्यासारखे फायबरचे ट्रेलर १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये 'बोलर' या नावाने सुरू झाले. रे ओलेको यांनी त्याआधी फायबरची सेप्टिक टाकी बनवली होती, आणि त्याच साहित्यातून त्यांनी हलकं फिरतं घर घडवलं. बाउलर हॅटसारखा दिसतो म्हणून नाव बोलर. पुढे मिनेसोटातल्या बॅकस गावात 'स्कॅम्प' तयार होऊ लागले. माझा ट्रेलर त्याच कुळातला, १३ फुटी.

या ट्रेलरची बांधणी होडीसारखी असते. साच्यात खालचं कवच घडवायचं, वरचं कवच घडवायचं आणि दोन्ही कमरेला जोडायची. भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा नाही. माझे काका मालवणात फायबरच्या होड्या करायचे. लहानपणी मी त्यांच्या शेडमध्ये रोलर फिरवायला बसायचो. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, पाजायचं, रोलरने हवा काढायची. ते म्हणायचे, होडीला ताकद देते ती वळण आणि सलगपणा. तीनचार मिलिमीटरचा सपाट पत्रा हाताने वाकतो, पण त्यालाच पोट दिलं की त्यावर माणूस उभा राहतो. म्हणून अशा भिंतीत भोक पाडताना आपण नेमकी ती सलगता तोडत असतो. जेवढी तोडली तेवढी भोकाच्या कडेभोवती परत द्यावी लागते. आजचं माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

हे पाहा, हा माझ्या भिंतीतून कापून काढलेला तुकडा. पुढे पाठवा, हातात घेऊन बघा. बाहेरून पांढरा गुळगुळीत जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा वरचा थर, आतून खरखरीत, धागे दिसतायत. आता कडेवरून बोट फिरवा. एका कोपऱ्यात जाडी ३ मिलिमीटर आहे, समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ ५. बंदुकीने तुकडे केलेले धागे आणि रेझिन एकत्र फवारून हे कवच बनतं, त्यामुळे थर सगळीकडे सारखा बसत नाही. दाराची चौकट निवडताना ही जाडी मोजून घ्या, अंदाजाने धरू नका.

जागा ठरवायला मी दोन पूर्ण रविवार घालवले, आणि ते मला अजिबात वाया गेले असं वाटत नाही. बाकाखाली विजेरी घेऊन आडवा झालो. चाकाची कमान कुठपर्यंत येते, पाण्याची टाकी कुठे, वायरी कुठून जातात, गॅसची नळी कुठे आहे, हे सगळं पुठ्ठ्यावर काढलं. खिडकीच्या कोपऱ्यांपासून आणि दोन कवचांच्या जोडापासून लांब राहायचं, कारण ताण तिथेच एकवटतो. आतली कपाटंसुद्धा छताला आधार देत असतात, तेव्हा सोयीसाठी त्यांचं काही कापू नका. मग ठरवलेल्या जागेच्या मधोमध आतून ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं आणि बाहेर जाऊन पाहिलं, की आपण समजतो तिथेच आहोत ना. एवढं भोक बुजवता येतं. चुकीच्या जागी कापलेली चौकट बुजवणं म्हणजे महिन्याचं काम.

आता वळणाचा प्रश्न. बाजारात मिळणारी दारं सपाट असतात, कारण ती सपाट भिंतींच्या ट्रेलरसाठी बनतात. माझं दार ४५ सेंटिमीटर रुंद. भिंतीला लांब फूटपट्टी मधोमध टेकवली, तर दाराच्या दोन्ही कडांच्या जागी ती ८ मिलिमीटर उचललेली होती. पुष्कळजण इथे स्क्रू आवळत जातात आणि चौकट भिंतीला बसवतात. बसते ती, पण पिळवटून बसते. दार एका कोपऱ्यात लागत नाही आणि भिंतीवर कायमचा ताण राहतो.

मी काय केलं ते सांगतो. कापायच्या आधी एका सपाट फळीवर पॅकिंगची गुळगुळीत टेप लावून वर मेण चोळलं. भिंतीवर दाराच्या चौकटीएवढा पट्टा खरखरीत घासून घेतला. फळी चार स्क्रूंवर भिंतीसमोर सरळ उभी धरली आणि फळी व भिंत यांमधली फट इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने, भरली. इपॉक्सीत सिलिका पावडर आणि फायबरचा भुगा घालून ते श्रीखंडाएवढं घट्ट केलं होतं, म्हणजे ओघळत नाही. दुसऱ्या दिवशी फळी सुटून आली आणि वळणदार भिंतीवर सपाट बैठक तयार झाली. इपॉक्सीच का, तर भिंतीतल्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर ते नव्या पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं. मात्र इपॉक्सीवर नंतर जेलकोट नीट सुकत नाही, तेव्हा वरून रंगच द्यावा लागतो.

माझ्या एका मित्राने वेगळी वाट धरली. कापलेला तुकडाच त्याने दार म्हणून वापरला. रंग तोच, वळण तेच, बंद असताना दार आहे हे कळतही नाही. पण बिजागरीने त्याला फार छळलं. बिजागरीचा आस सरळ रेषेत असावा लागतो आणि दाराची वरची कड वळणदार. लांब पट्टीची बिजागरी तिथे अडकली. शेवटी दोन छोट्या बिजागऱ्या जवळजवळ, एका रेषेत बसवल्या तेव्हा दार उघडलं.

कापण्याचं काम मला भीती वाटली त्यापेक्षा लवकर झालं. कोपरे आधी होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, ५० मिलिमीटर त्रिज्येचे गोल केले आणि मधल्या रेषा जिगसॉने, म्हणजे विजेच्या छोट्या करवतीने, कार्बाइडच्या कणांचं पातं लावून कापल्या. जेलकोट उडू नये म्हणून बाहेरून मास्किंग टेप. पण धुळीबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे. बारीक धूळ अडवणारा पी-१०० मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, आणि दुसऱ्या माणसाने पात्याजवळ व्हॅक्यूमची नळी धरायची. काकांच्या शेडमध्ये कोणी तोंडाला फडकंसुद्धा बांधत नसे. त्यांचा म्हातारपणचा खोकला मी ऐकलेला आहे.

गोल कोपरे का, त्याचं उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. ओळखीतल्या एकाने ट्रेलर कारखान्यात देऊन असंच दार करून घेतलं. कोपरे काटकोनी कापले, आतून काही दिलं नाही, कडेला सिलिकॉन भरलं. दोन उन्हाळ्यांत चारही कोपऱ्यांतून केसासारख्या तिरप्या भेगा निघाल्या. त्या भेगांतून पाणी शिरून आतली फळी कुजली. दुरुस्तीला गेलो तेव्हा सिलिकॉन आडवं आलं, कारण त्याचा अंश राहिला की वर रेझिन धरत नाही आणि रंगही बसत नाही. कृपा करून अशा भिंतीवर सिलिकॉन लावू नका.

कडेला ताकद परत द्यायची ती आतून. भोकाभोवती ७५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा घासून उघडा केला. त्यावर मॅटचे तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा अरुंद, म्हणजे ताण एका रेषेवर थांबत नाही, हळूहळू पसरतो. कापलेली उघडी कडही इपॉक्सीने माखली. हे झाल्यावर भिंतीवर तळहात दाबून पाहिला. भोक नव्हतं तेव्हापेक्षा ती जागा जास्त कणखर लागली, आणि मला काकांची आठवण आली.

चौकट बसवली ब्युटाइल टेपवर. हा काळा-करडा चिकट पट्टा कायम मऊ राहतो. स्क्रू एकदम आवळू नका. थोडे आवळा, टेप दबून बाहेर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. मी चार दिवस हे केलं. दारावर पागोळीसाठी छोटी पन्हळ लावली. मग आत कडेकडेने टिश्यू पेपर चिकटवला आणि बायकोने बाहेरून नळीने पाणी मारलं, आधी खालून, पंधरा मिनिटांनी वर. पहिल्या वेळी खालचा डावा कोपरा ओला निघाला. चौकट काढून टेप पुन्हा लावली.

कप्प्याच्या आत मी वेगळा टब बसवला, दाराकडे उतार देऊन. ओली नळी आणि ठोकळे ठेवले की पाणी बाहेर जातं, बाकाखाली जात नाही. बाकाखालची हवा म्हणजे झोपणाऱ्याची हवा, म्हणून तिथे पेट्रोलचा डबा किंवा गॅसची टाकी कधीही ठेवायची नाही, मग दार बाहेरून उघडत असलं तरी.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. जागा झाली की माणूस ती भरतो. आपल्याकडे बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या कडीवर, हवा, नाहीतर वेगात शेपूट हलायला लागतं. माझा भरलेला ट्रेलर ६०० किलोचा, म्हणजे हिचवर ६० ते ९० किलो. माझा कप्पा चाकांच्या आसाच्या मागे १.२ मीटरवर आणि हिच आसाच्या पुढे ३ मीटरवर. कप्प्यात २५ किलो सामान ठेवलं की हिचवरचे १० किलो कमी होतात. मी ६८ वरून ५८ वर आलो होतो. म्हणून खुर्च्या पुढे हलवल्या आणि कप्प्यात ठोकळे, नळी आणि विजेची केबल एवढंच ठेवलं.

कुलपाचं सांगायचं राहिलं. अशा बहुतेक तयार दारांना एकाच जातीची चावी येते, सीएच ७५१. म्हणजे शेजारच्या ट्रेलरवाल्याच्या चावीने तुमचं दार उघडतं. कुलपाचा गाभा काही डॉलरमध्ये बदलून मिळतो, दार बसवायच्या दिवशीच बदलून घ्या. तो तुकडा फिरून आला का मागच्या रांगेपर्यंत? ज्यांना कडेची जाडी मोजायची आहे त्यांच्यासाठी इथे टेबलावर कॅलिपर ठेवलाय.