मधली वर्षं

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय तो भला मोठा आहे. श्रद्धा, विद्या, कला, कर्तृत्व आणि त्यातून मिळणारी रोजची प्रेरणा. वेळ चाळीस मिनिटं. पण सुरुवात मला एका तक्रारीपासून करू द्या, कारण ती बरीच वर्षं मनात साचलेली आहे.

मी आजवर पुष्कळ बक्षीस समारंभांना बसलोय. पाहुणे उभे राहतात, एखाद्या थोर माणसाचं नाव घेतात, त्याचं हलाखीचं बालपण सांगतात आणि पुढच्याच वाक्यात त्याला शिखरावर नेऊन बसवतात. मधली वर्षं गायब! मुलं टाळ्या वाजवतात, घरी जातात, पुस्तक उघडतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना वाटू लागतं की आपल्यात ते काही नाही. वाटणारच. ती मुलं स्वतः त्या गाळलेल्या वर्षांत उभी असतात आणि तिथं कसं राहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याची मला मनापासून चीड येते.

पाब्लो कासाल्सची गोष्ट घ्या. चेलो, म्हणजे गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा हा स्पेनमधला कॅटलन माणूस 1876 साली जन्मला. तेराव्या वर्षी वडिलांबरोबर बार्सिलोनात हिंडताना एका जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात त्याच्या हाती जर्मन संगीतकार बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा रचना लागल्या. बाखनं त्या 1720च्या सुमारास केलेल्या. पण लोक त्यांना सरावाचे धडे समजत. अख्खी रचना मैफलीत कुणी वाजवत नसे. इथवर सगळे सांगतात. मग थेट 1936 ते 1939 या काळातल्या त्याच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांवर उडी मारतात.

थांबा ना जरा! त्यातली एक रचना लोकांसमोर अखंड वाजवायला त्यानं किती वर्षं घेतली? सुमारे बारा. तेरा वर्षांचा मुलगा पंचविशीचा झाला. रोज तेच कागद, तीच तार, तोच गज. या बारा वर्षांत त्या रचनांसाठी त्याला कुणी हार घातला नसेल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ते कागद उघडावेसे का वाटत होते? मला विचाराल तर प्रेरणेचा सगळा प्रश्न या एका सकाळीत आहे.

इथं एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी एखादं वाद्य गवसणीत पडून आहे? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त! म्हणजे आज बोलायला मी योग्य सभागृहात आलोय.

मी पन्नाशीनंतर बासरी शिकायला लागलो. पहिले काही आठवडे नुसती हवा. ओठ ताणले की फुंक छिद्राच्या वरून निघून जाते, सैल सोडले की आत कोंडते, आणि पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. मग कधीतरी डाव्या हाताची तीन बोटं ठेवून षड्ज, म्हणजे सा, लागला. पण मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला, सहाही छिद्रं बंद करावी लागतात, आणि उजव्या हाताची अनामिका लांब पडते. तिच्याखालून केसाइतकी फट राहते. दिसत नाही, बोटाला कळतही नाही, पण सूर येत नाही. येते ती फुसफूस. दहा महिने हे चाललं होतं.

गुरुजींनी एक वही करायला लावली होती. रोज एकच ओळ लिहायची, आणि तीही काय वाजलं याची नाही, काय वाजलं नाही याची. सुरुवातीला मला हे क्रूर वाटलं. माणसाला उमेद यावी म्हणून जमलेलं लिहावं ना? पण सातव्या-आठव्या महिन्यात मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं, आधीच्या ओळी ढोबळ होत्या. ‘पंचम नाही.’ पुढं ‘पंचम फाटला.’ मग ‘अनामिकेचं टोक टेकतं, पेर टेकत नाही.’ सूर अजून लागला नव्हता, पण कान आणि बोट शहाणे होत होते. त्या संध्याकाळी वही मिटून मी बासरी परत उचलली. ती का उचलली, हे सांगायला खरं तर मी आज आलोय.

अकराव्या महिन्यात एका दुपारी पंचम लागला. घरात कुणी नव्हतं. बांबूचं ते कंपन हनुवटीपर्यंत आलं. मी फुंक सोडलीच नाही, श्वास संपेपर्यंत.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. मग श्रद्धा आणि विद्या एकत्रच घेतो, आणि त्यासाठी मायकल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञासारखा माणूस नाही. पुस्तकं बांधायच्या दुकानातला हा शिकाऊ पोरगा. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. 1822 मध्ये त्यानं वहीत लिहून ठेवलं की चुंबकत्वापासून वीज काढायची. जमलं कधी? 1831 च्या ऑगस्टमध्ये. नऊ वर्षं! अधूनमधून प्रयोग करायचा, फसले की तेही नोंदवायचा. पुढं तर नोंदींना क्रमांक घातले, ते सोळा हजारांच्या वर गेले. आणि हाच माणूस आपल्या लहानशा धर्मपंथाच्या प्रार्थनेला नेमानं जायचा. प्रयोग फसला म्हणून प्रार्थना चुकली नाही. श्रद्धेचं मला महत्त्व वाटतं ते इथं. दिवस कसाही गेला तरी तिची वेळ ठरलेली असते, आणि तेवढा वेळ माणूस यश-अपयशाच्या हिशेबाबाहेर असतो. कासाल्सही रोज सकाळी पियानोवर बाख वाजवून मगच दिवस सुरू करायचा, आणि त्याला तो घरासाठीचा आशीर्वाद मानायचा. कला कुठं संपली आणि श्रद्धा कुठं सुरू झाली, मला तरी सांगता येणार नाही.

संस्कृत पंडित पांडुरंग वामन काणे राहिले. ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ संपादित करताना त्यांना प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा इतिहास थोडक्यात द्यायचा होता. त्या प्रस्तावनेचे पाच खंड झाले! पहिला 1930 मध्ये, शेवटचा 1962 मध्ये. पुढच्या वर्षी भारतरत्न. आपण भारतरत्न सांगतो. मधली बत्तीस वर्षं त्यांना टेबलाशी कशानं बसवलं? मला वाटतं, प्रत्येक संदर्भ पुढच्या संदर्भाचं दार उघडत होता म्हणून. विद्येत उद्याचं काम आजच्या कामातून निघतं, बाहेरून कुणी उमेद द्यायला यावं लागत नाही.

कर्तृत्वावर बोलायला वेळ उरला नाही, एवढंच सांगतो. माझा पंचम कुणी ऐकला नाही, तरी त्याची तारीख मला पाठ आहे. मुलांना बक्षीस देताना हेही विचारा ना, की बाळा, यातलं तुला सगळ्यात जास्त दिवस काय जमत नव्हतं? बघा कसं भरभरून बोलतं ते!

हो, अध्यक्ष महोदय, थांबतो. वही बरोबर आणलीय, कालची ओळ तेवढी वाचतो. ‘तार षड्जावर ओठ आवळले गेले. सूर चढा लागला. तीनदा.’