कंबर मागून बघा

श्रोतेहो, नमस्कार. पळणाऱ्याची कंबर किती हलते, हे घरातल्या फोनवर मोजता येतं. पण आधी 1895 सालची गोष्ट ऐका, कारण मोजायचं काय ते तिथेच कळतं.

जर्मनीत फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग नावाचे शल्यविशारद होते. जन्मतः खुबा निखळलेली माणसं बदकासारखी डुलत चालतात, हे सगळ्यांनाच दिसत होतं. का डुलतात, याचं उत्तरही ठरून गेलेलं: पाऊल टेकलं की मांडीच्या हाडाचा गोळा वर सरकतो. ट्रेंडेलेनबुर्गांनी अशा रुग्णांना उघड्या अंगाने पाठमोरं चालायला लावलं आणि नजर कमरेवर ठेवली. अधू पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली पडायची. नीट ऐका हं, टेकलेल्या पायाची नव्हे, उचललेल्या पायाची बाजू पडते. मग तोल सावरायला कमरेवरचं अंग टेकलेल्या पायाकडे झुकतं. तेच डुलणं. स्नायू झिजण्याच्या आजारात खुबा जागेवर असतो, तरी चाल अशीच होते. म्हणजे कमी पडत होते ते खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे, कंबर तोलून धरणारे स्नायू. आणि हे सगळं क्ष-किरणांवाचून! रॉन्टगेनना ते सापडले त्याच वर्षी, पण नोव्हेंबरात. आज माणूस चार पावलं चालून दाखवायच्या आत एक्स-रेची चिठ्ठी हातात पडते. आधी चाल बघावी, मग एक्स-रे काढावा, हे माझं ठाम मत आहे.

पळताना तर प्रत्येक पाऊल एकाच पायावर पडतं. म्हणून पळणाऱ्याचीही कंबर मागूनच बघायची.

गवंड्याला पाणसळ लागते, तशी आपल्यालाही लागते. आपल्या किनाऱ्यावर ती तयार आहे: क्षितिज. ओहोटीला पुळण रुंद आणि घट्ट होते, गुहागरला किंवा दापोलीजवळच्या मुरुडला बघा. (त्या पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांना गावाने अडवलंच पाहिजे, तिथे कासवं अंडी घालतात.) फोन काठीला कमरेच्या उंचीवर घट्ट बांधा, तोंड समुद्राकडे. क्षितिजाची रेघ पळणाऱ्याच्या कमरेच्या आसपासच येते. वेळ सकाळची, संध्याकाळी ऊन समोरून येतं आणि माणूस काळा दिसतो.

पळायचं फोनपासून सरळ पाण्याकडे. किनाऱ्याला धरून पळू नका. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्या बाजूचा पाय खोल पडतो आणि कंबर उगाच तिरकी दिसते. पुन्हा सांगतो, पाण्याकडे पळा, किनाऱ्याला धरून नको.

पाठीला कमरेखाली दोन खळ्या असतात, त्यांवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. सैल चड्डी नको, कापड हललं की तुकडाही हलतो. फोन स्लो मोशनवर, सेकंदाला 240 चित्रं. पाऊल जमिनीवर साधारण पाव सेकंदच असतं; 30 चित्रांच्या साध्या व्हिडिओत त्याची सात-आठच चित्रं मिळतात आणि नेमका क्षण निसटतो.

आधी दोन्ही पायांवर सरळ उभं राहून एक चित्र घ्या. ते तुमचं शून्य. मग पाऊल पूर्ण टेकून अंग बरोबर त्याच्यावर आलेलं असेल, तिथे व्हिडिओ थांबवा आणि दोन तुकड्यांना जोडणारी रेघ क्षितिजाशी किती अंशांनी कलली ते बघा. शून्याच्या चित्रातला कल वजा करा. खळ्यांत 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर 1 सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास 6 अंश. तुकडा 3 मिलिमीटर चुकला तरी पावणेदोन अंशांची चूक होते, म्हणून तर ते शून्य हवं. एका पावलावर निकाल देऊ नका. डाव्याची दहा, उजव्याची दहा मोजून सरासरी काढा.

चार-पाच अंश कंबर पडणं नेहमीचं. त्याहून बरीच जास्त, किंवा एकाच बाजूला जास्त पडत असेल आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखत असेल, तर व्हिडिओ घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.

ताजेपणी कंबर ठीक दिसते, दमल्यावर पडते. म्हणून पाच-सहा किलोमीटर पळून आल्यावर पुन्हा मोजा. आपल्याकडच्या घामात तुकडे सुटणारच, तेव्हा लावतानाच त्यांच्याभोवती पेनाने गोल काढून ठेवा. दुसऱ्या वेळी अंग पुसून तुकडे त्याच गोलात लावायचे.